निवडणूक प्रचारसाहित्याचा संग्रह

निवडणुकीच्या प्रचारासाठी तयार झालेले बिल्ले, हस्तपत्रके, भित्तिपत्रके, टोप्या, उपरणी, पताका, जाहीरनामे, मतदारांना घरोघरी वाटलेल्या चिठ्ठ्या, प्रचारगीतांच्या ध्वनिफिती इ. वस्तू जमवण्याचा छंद व त्यांचा अभ्यास. हे साहित्य दोन-तीन आठवड्यांच्या कामापुरते बनते आणि मतमोजणीनंतर रद्दीत जाते. पुढच्या पिढीने वाचावे म्हणून ते कोणी छापत नाही. नेत्यांच्या आत्मचरित्रांपेक्षा ते अधिक विश्वासार्ह वाटते, ते यामुळेच.

या छंदाला शिस्त आली ती अमेरिकेत. तेथे १८९६ च्या मॅकिन्ली–ब्रायन अध्यक्षीय लढतीत सेल्युलॉइडचे आवरण असलेले टाचणीचे बिल्ले प्रथमच मोठ्या प्रमाणावर निघाले. १९४५ मध्ये संग्राहकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. बाजारात नकली माल इतका आला, की प्रतिकृतीवर उत्पादनाचे वर्ष छापण्याची सक्ती करणारा कायदा १९७३ मध्ये करावा लागला. १९२० मध्ये हरलेल्या कॉक्स–रूझवेल्ट जोडीचा, दोघांची छायाचित्रे असलेला बिल्ला आजही संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत दुर्मिळ वस्तूंपैकी एक मानला जातो.

भारतीय प्रचारपत्रकावर पुष्कळदा वर्ष नसते. ते ओळखण्याची पहिली खूण म्हणजे मतदाराला केलेल्या आवाहनातले क्रियापद. १९५१-५२ व १९५७ च्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. त्यामुळे त्या काळचे पत्रक अमुक चिन्हाच्या ‘पेटीत मत टाका’ असे सांगते. १९६२ पासून सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली आणि ‘शिक्का मारा’ सुरू झाले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मतदानयंत्रे वापरली गेली व ‘बटण दाबा’ कायम झाले. काही मतदारसंघांत यंत्रे १९९८-९९ मध्येच आली होती, तेवढी सूट ठेवावी लागते.

दुसरी खूण चिन्हाची, पण ती फसवीही आहे. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीनंतर गोठली, १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे गाय-वासरू आले आणि १९७८ पासून हात. मात्र हात दिसला म्हणून पत्रक काँग्रेसचे ठरत नाही. पहिल्या निवडणुकीत हे चिन्ह नागपूरचे कामगारनेते रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाचे होते. हत्ती तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा होता, पुढे रिपब्लिकन पक्षाचा झाला आणि बहुजन समाज पक्षाकडे तो त्यानंतर गेला. शिवसेनेच्या साहित्यात तर धनुष्यबाणाआधीचा मोठा गोंधळ आहे. १९८४ मध्ये मनोहर जोशी लोकसभेला कमळावर लढले, तर १९८५ मध्ये छगन भुजबळ विधानसभेला मशालीवर. तीच मशाल २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या गटाला मिळाली. या दोन मशालींचे बिल्ले एकाच फायलीत लावणारा संग्राहक सदतीस वर्षे गिळून टाकतो.

अधिकृत आकडेवारी जे सांगत नाही, तेही अशा वस्तू सांगतात. १९७७ मध्ये भिंती, सभा, पत्रके सगळीकडे ‘जनता पक्ष’ हेच नाव होते. प्रत्यक्षात हा पक्ष निवडणुकीपर्यंत रीतसर स्थापनच झाला नव्हता. त्याचे बहुतेक उमेदवार भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकरी या चिन्हावर उभे होते. निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकात २९५ जागा त्या लोकदलाच्या नावावर आहेत. मतदाराने ज्या नावाला मत दिले ते नाव शोधायचे तर बिल्ल्याकडेच यावे लागते.

पत्रकाच्या तळाशी असलेली बारीक टाइपातली ओळ नवशिके संग्राहक वाचत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ मध्ये घातलेल्या कलम १२७ क नुसार मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. पत्रकाची प्रत राज्याच्या राजधानीत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे व अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. म्हणजे कायद्याने पाहता जिल्ह्यातला पहिला संग्राहक कलेक्टरच! त्या ओळीवरून प्रचाराचा मजकूर तालुक्याच्या छापखान्यात जुळला की मुंबई-पुण्याहून आला, हे कळते. छपाईही बोलते. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतते. पत्रक उलटे करून बोट फिरवले, की ते जाणवते. उमेदवाराच्या चेहऱ्यावर ब्लॉकच्या जाळीचे टिपके भिंगाशिवाय दिसतात. ऑफसेटच्या कागदाची पाठ सपाट असते.

उपलब्ध संग्रहांचा तोल विजेत्यांकडे झुकलेला आहे. जिंकलेल्याच्या घरी बिल्ला काचेच्या कपाटात जातो, तर हरलेल्याच्या कार्यालयातले गठ्ठे दुसऱ्याच दिवशी रद्दीवाला नेतो. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. त्या प्रचारातले एखादे साधे हस्तपत्रक हाती लागले, तर विजयी उमेदवाराच्या डझनभर भित्तिपत्रकांपेक्षा त्याचे मोल अधिक समजावे. कधी उलटही घडते. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी ‘स. का. पाटलांना हरवता येते’ अशा आशयाची भित्तिपत्रके लावली आणि ते खरे करून दाखवले. ती प्रचारकल्पना लोकांच्या आठवणीत राहिली ती त्या निकालामुळे.

१९९० नंतर आचारसंहितेची कडक अंमलबजावणी आणि महाराष्ट्रातला १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा यांमुळे रंगवलेल्या भिंती आटल्या. पुढे फ्लेक्स आला. निवडणूक संपली की तो झोपडीवर, भाजीच्या हातगाडीवर किंवा कडब्याच्या गंजीवर चढतो. घडी घालून ठेवला तर रंग एकमेकांना चिकटतात, म्हणून त्याचे फक्त छायाचित्र घेणे शहाणपणाचे.

जुन्या पत्रकांचा कागद हलका व आम्लयुक्त असल्याने तो पिवळा पडून घडीवर तुटतो. त्याला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. बिल्ल्याची गंजलेली टाचणी काढून वेगळी ठेवावी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात वस्तू घेताना ती कोणत्या गावची, कोणाच्या घरातून आली हे विक्रेत्याला विचारून घ्यावे व पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवावे.