सामाईक कपाटाची कहाणी

शाळेच्या कार्यालयात एक पोलादी कपाट असते. जनरल रजिस्टर, हजेरीपट, फीची पावतीपुस्तके नि रोजकीर्द त्यात ठेवलेली असते. किल्ली हेडक्लार्ककडे असते, आणि ज्याला जे हवे ते त्याने मागून घ्यावे, काम झाले की परत ठेवावे, असा शिरस्ता असतो. संगणकांच्या जगात हेच काम करणाऱ्या यंत्राला फाइल सर्व्हर म्हणतात. हे यंत्र लहान संस्थेच्या ऐपतीत कसे आले, ह्याचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. विद्यार्थी मित्रांनी तो जाणून घ्यावाच, पण पालकांनीही घ्यावा. कारण मुलांचे दाखले नि गुणपत्रके आता पुष्कळ ठिकाणी ह्याच कपाटात राहतात.

संगणक तारेने एकमेकांना जोडण्याची इथरनेट ही पद्धत १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत जन्मली. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ही त्यामागची नावे. फायली एका सामाईक यंत्रावर ठेवून सर्वांनी वापराव्यात, ही गोष्ट त्या प्रयोगशाळेत लवकरच रोजची झाली. मात्र तेथील यंत्रे एखाद्या शाळेला वा दुकानाला परवडणारी नव्हती.

पुढे लहान संगणक आले, तरी मोठी अडचण डिस्कची होती. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची सर्वांत साधी आवृत्ती १,५६५ डॉलरना मिळत असे. हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी १९८३ साली निघाला, त्याची किंमत ४,९९५ डॉलर, आणि त्या डिस्कवर मावे फक्त १० मेगाबाइट. आजच्या मोबाइलने काढलेली तीन-चार छायाचित्रे तेवढी जागा सहज खातात! तेव्हा पाच माणसांच्या कार्यालयाने पाच डिस्का घेण्यापेक्षा एकच घ्यावी आणि सर्वांनी वाटून वापरावी, हा विचार ओघानेच आला. कॉर्व्हससारख्या कंपन्या अशी सामाईक डिस्क विकतही होत्या.

पण वाटून घेणे म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सुरुवातीच्या व्यवस्थेत मधले यंत्र मुके होते. डिस्कचा अमुक भाग दे म्हटले की देई, तमुक भागावर हे लिही म्हटले की लिही. कोणती फाइल कोठे आहे ह्याची यादी प्रत्येक संगणक आपल्यापुरती सांभाळी. दोघांनी एकाच वेळी त्या यादीत बदल केला की यादीच बिघडे, आणि तिच्याबरोबर फायलीही जात. म्हणून डिस्कचे भाग पाडून प्रत्येकाला आपला खण दिला जाई. कपाट एकच, पण रजिस्टर कोणी कोणाचे उघडू शकत नाही, असा हा प्रकार. पैसे वाचले, सहकार्य मात्र साधले नाही.

१९८१ च्या सुमारास अमेरिकेतील यूटा राज्यात नोव्हेल डेटा सिस्टिम्स नावाच्या डळमळीत कंपनीने तीन तरुणांना डिस्क वाटून देण्याचे काम कंत्राटाने दिले. ड्रू मेजर, डेल नीबोर आणि काइल पॉवेल हे ते तिघे. त्यांनी काम उलट्या टोकाने धरले. डिस्क वाटू नये, फायली वाटाव्यात. यादी एकट्या सर्व्हरने सांभाळावी आणि इतर संगणकांनी त्याच्याकडे फाइल नावाने मागावी, असे त्यांनी ठरवले. म्हणजे कपाटाला प्रथमच हेडक्लार्क मिळाला.

ह्याचा लाभ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका विद्यार्थ्याच्या फीची बाकी ५०० रुपये आहे. दोन कारकुनांनी एकाच क्षणी त्याची नोंद उघडली. एकाने २०० रुपये जमा घेऊन बाकी ३०० लिहिली, दुसऱ्याने १०० रुपये जमा घेऊन बाकी ४०० लिहिली. जो नंतर लिहील त्याचा आकडा टिकेल, आणि एका पालकाने भरलेले पैसे हिशेबातून नाहीसे होतील. खरी बाकी २०० आहे, ती कोणाच्याच पडद्यावर नाही. फाइल सर्व्हर येथे कुलूप लावू शकतो. पहिला लिहून होईपर्यंत दुसऱ्याला तो थांबवून ठेवतो. अर्थात हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते कुलूप मागितले पाहिजे.

ह्या कामातून नेटवेअर तयार झाले. १९८३ साली रे नूर्डा नोव्हेलच्या प्रमुखपदी आले आणि कंपनी सावरली. साध्या यंत्रावर ते वेगाने का चाले, हे पाहण्यासारखे आहे. फायलींची यादी डिस्कवर शोधत न बसता सर्व्हर ती स्मृतीत ठेवी. आलेल्या मागण्या तो आल्या क्रमाने पुऱ्या करीत नसे. इमारतीची लिफ्ट जशी वाटेतले मजले घेत एका दिशेने जाते, तशी डिस्कची भुजा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना वाटेतली कामे उरकी. महाग यंत्राची उणीव हुशार मांडणीने भरून काढण्याचा हा नमुना प्रस्तुत लेखकाला फार आवडतो. १९९० च्या दशकात आपल्याकडील संगणक-वर्गांत नेटवेअर शिकवले जाई, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. पण परवाना माणसांच्या संख्येवर मोजून विकत घ्यावा लागे. यंत्र स्वस्त होत गेले, परवाना मात्र खर्चाचाच राहिला.

ती गाठ सोडवली ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने. कॅनबेरा येथील विद्यापीठात अँड्रयू ट्रिजेल संशोधन करीत होते. आपल्या पीसीवरून युनिक्स यंत्रावरील फायली वापरता याव्यात, एवढीच त्यांची गरज होती. दोन यंत्रे तारेवरून काय बोलतात हे त्यांनी टिपून घेतले आणि तेच संभाषण करणारा प्रोग्रॅम लिहून जानेवारी १९९२ मध्ये सर्वांना मोफत देऊन टाकला. ह्या रीतीला त्यांनी स्वतःच पुढे फ्रेंच कॅफेची उपमा दिली : भाषा येत नसली तरी कोपऱ्यात बसून गिऱ्हाईक काय मागते नि वाढपी काय आणतो हे ऐकत राहिले की शब्द कळू लागतात. ह्या भाषेचे नाव एसएमबी. शब्दकोशात ही तीन अक्षरे ह्याच क्रमाने असलेले शब्द शोधताना ‘साम्बा’ सापडला, आणि तेच प्रोग्रॅमचे नाव झाले. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हल्ड्स ह्यांनी लिनक्सची घोषणा केली होती. लिनक्स नि साम्बा एकत्र आले, आणि कोपऱ्यात पडलेला जुना पीसी परवान्याचा एक पैसाही न देता कार्यालयाचा सर्व्हर होऊ लागला.

विंडोजची ही भाषा पुरती उघड व्हावी म्हणून मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागली. युरोपीय आयोगाने २००४ साली मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला, २००७ च्या सप्टेंबरात न्यायालयाने तो कायम केला, आणि त्याच डिसेंबरात १०,००० युरो भरून साम्बाच्या मंडळींसाठी ती कागदपत्रे मिळवण्यात आली.

स्वस्ताईची दुसरी बाजूही आहे. सारे दप्तर एका कपाटात आले की आगही एकाच कपाटाला लागते. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ ह्यांनी १९८८ साली मांडलेल्या रेड पद्धतीत अनेक स्वस्त डिस्का मिळून, एखादी बिघडली तरी माहिती शाबूत ठेवतात. किफायतशीर सर्व्हरची ही मोठी सोय. पण चुकून पुसलेली फाइल ह्या व्यवस्थेत सर्वच डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतील दोषातून जगभर पसरला, फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला, आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या दोषावरचा उपाय मार्चमध्येच उपलब्ध झाला होता. अनेक ठिकाणी तो बसवलेला नव्हता.

म्हणून लहान संस्थेने सर्व्हर घेताना एक जादा डिस्क त्याच अंदाजपत्रकात धरावी. आठवड्यातून एकदा ती जोडून सर्व दप्तराची प्रत घ्यावी, मग ती सर्व्हरपासून तोडून दुसऱ्या इमारतीत ठेवावी. वर्षातून दोनदा तरी त्या प्रतीतून एखादे जुने रजिस्टर उघडून पाहावे, आणि ते ज्या कारकुनाने पूर्वी कधी उघडले नाही त्याच्याकडून उघडवून घ्यावे.