रेसर्पिन

सर्पगंधेच्या मुळांतील अल्कलॉइड. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील गुण मांडला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. 1952 मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळे झाले. 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

चेतापेशी डोपामिन, सेरोटोनिन यांसारखे संदेशवाहक सूक्ष्म पुटिकांत साठवते. विद्युत् संवेग येताच ते चेतासंधीत सुटून पुढील पेशीच्या ग्राहींना चिकटतात. रेसर्पिन पुटिका भरणाऱ्या वाहक प्रथिनालाच अडवते. बाहेर राहिलेले रेणू विकरे मोडून टाकतात, साठा रिता होतो व संदेश क्षीण होतो. रक्तदाब उतरतो, मात्र कंपवातासारखा ताठरपणाही येऊ शकतो.

रेसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपा (ज्यापासून शरीर डोपामिन बनवते) देताच पुन्हा हालू लागतात, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवले. कंपवातावरील आजच्या उपचाराची वाट तिथूनच निघाली.