पळीभर नमुना

पनवेलच्या वडाळे तलावाकडे पहाटे फिरावयास येणाऱ्यांनी गेल्या महिन्यात एक विचित्र दृश्य पाहिले असेल. पुढे एक म्हातारी कुत्री आणि तिच्यामागे लांब दांड्याची पळी घेऊन दबकत चालणारे आम्ही उभयता. ती पाणी फार पिते, खाऊनही वाळत चालली आहे, एवढे ऐकून पशुवैद्यांनी दिवसाचे पहिले मूत्र स्वच्छ, कोरड्या बाटलीत आणावयास सांगितले होते. ते जमिनीला लागलेले नको, ही अट. ती खाली बसली की आम्ही पळी सरकवावी आणि पळी दिसताच तिने उठून चालू लागावे, असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मागच्या बाजूने पळी धरली, तेव्हा कुठे चार चमचे हाती लागले. बघणारे हसले, आम्हीही हसलो. परंतु या कृतीला इतिहास आहे, आणि तो हसण्याजोगा नाही.

मूत्रावरून रोग ओळखण्याची विद्या जुनी. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत मूत्राकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेने नोंदविले. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये टॉमस विलिसने अशा मूत्राच्या गोडीविषयी लिहिले. ही गोडी शरीरात कोणत्या बिघाडाने उत्पन्न होते, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते.

त्याचा धागा १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे सापडला. चरबीच्या पचनाला स्वादुपिंड आवश्यक आहे काय, या प्रश्नापायी योझेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिन्कोवस्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. शिस्त लागलेला तो कुत्रा प्रयोगशाळेतच वारंवार मूत्रविसर्जन करू लागला. मिन्कोवस्कीने नोकराला दटावले, तर तो म्हणाला की बाहेर नेऊन आणले तरी हा आत येताच पुन्हा करतो. मिन्कोवस्कीने जमिनीवरचे ते मूत्र नळीने टिपून तपासले. त्यात साखर होती. पुढे रूढ झालेली माश्यांची गोष्ट त्याने स्वतः सांगितलेल्या हकीगतीत नाही.

या धाग्यावरूनच १९२१ साली टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट पुढे गेले. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना त्याच ग्रंथीचा अर्क टोचून ते रक्तातील व मूत्रातील साखर मोजत होते. त्या कामात अनेक कुत्री मेली. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन मिळाले आणि मधुमेही मुलांचे अटळ मरण टळू लागले.

स्ट्रासबर्गच्या प्रयोगाआधी तीनच वर्षे, १८८६ साली, मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालयाच्या आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले होते. एकाच दशकात कुत्रा एका ठिकाणी प्रयोगाचे साधन होता आणि दुसऱ्या ठिकाणी रोगी. आम्हांस दोन्ही गोष्टी एकत्र आठवणे आवश्यक वाटते. स्ट्रासबर्गच्या कुत्र्याचे मूत्र टिपले गेले ते त्याला बरे करण्यासाठी नव्हे.

आमच्या नमुन्यातही साखर निघाली. रक्ततपासणीनेही तेच सांगितले. आता सकाळ-संध्याकाळ खाणे झाले की तिला इन्शुलिनची सुई टोचावी लागते. ती मुकाट्याने मान पुढे करते. तिच्याच जातीकडून माणसाने घेतलेले थोडेसे परत जात आहे, एवढेच. पळी स्वयंपाकघरातून कायमची बाहेर गेली आहे. पुढच्या तपासणीला ती पुन्हा लागेल.