गॅलिपोली ते देहरादून : युद्धांधांची शाळा

ऑगस्ट १९१५. गॅलिपोलीच्या लढाईत न्यूझीलंडचा विशीतला सैनिक क्लूथा मॅकेन्झी दोन्ही डोळ्यांना मुकला. त्याच वर्षी लंडनमध्ये युद्धांध सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स ही संस्था उभी राहिली होती. तिचे संस्थापक आर्थर पिअर्सन हे ‘डेली एक्स्प्रेस’चेही संस्थापक, आणि स्वतः अंध. तेथे दयेला थारा नव्हता. ब्रेल, टंकलेखन, टेलिफोन, मसाज, टोपल्या विणणे, एवढेच काय, कुक्कुटपालनसुद्धा शिकवले जाई!

मॅकेन्झी तेथेच घडले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवानही दृष्टी गमावू लागले, तेव्हा १९४३ साली देहरादून येथे याच धर्तीवर केंद्र निघाले. त्याची धुरा सर क्लूथा मॅकेन्झी यांच्याकडे आली.

खरी अडचण पुढेच होती. ब्रेल शिकवायचे खरे, पण कोणते? भारतात परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक ब्रेल पद्धती प्रचलित होत्या. त्यांच्या एकीकरणात मॅकेन्झी यांचा मोठा वाटा होता. युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या चर्चांनंतर १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ स्वीकारले गेले. देहरादूनचे केंद्र त्याआधीच, १९५० मध्ये, भारत सरकारकडे आले होते आणि तेथे नागरी प्रौढ अंधांचे प्रशिक्षणही सुरू झाले होते.

आज मराठी विद्यार्थी ‘क’साठी जे दोन ठिपके बोटांनी चाचपतो, तेच दोन ठिपके तमिळ विद्यार्थ्यालाही ‘क’च वाचून दाखवतात.