घरच्या इंटरनेटला स्वतःचा राउटर जोडताना



नुकतेच अमेरिकेत आलेले किंवा घर बदललेले सभासद आम्हाला हमखास विचारतात, की इंटरनेट कंपनीचा डबा भाड्याने घ्यावा की स्वतःचा राउटर आणावा? भाडे महिना १५ डॉलर असेल तर वर्षाचे १८० डॉलर होतात. तेवढ्यात चांगला राउटर येतो. मात्र काही योजनांत भाडे आधीच किमतीत धरलेले असते, तिथे बचत होत नाही. म्हणून आधी बिल पाहावे.

कायदा काय सांगतो?
'टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्ट' हा कायदा २०१९ चा. त्यातील भाड्याचे कलम २० डिसेंबर २०२० पासून लागू आहे. ग्राहक स्वतःचे उपकरण वापरत असेल, किंवा त्याने कंपनीचे उपकरण परत केले असेल, तर पुढचे भाडे लावता येत नाही.

मोडेम वेगळा, राउटर वेगळा
मोडेम बाहेरची लाइन घरात आणतो, राउटर ती वायफायने सगळ्यांना वाटतो. कंपनीच्या 'गेटवे'मध्ये बहुधा दोन्ही असतात.

- केबल (एक्सफिनिटी, स्पेक्ट्रम वगैरे): मोडेमही स्वतःचा घ्यायचा असेल तर कंपनीच्या मान्य यादीतलाच घ्यावा. घरचा फोन त्याच कंपनीचा असेल तर आधी विचारावे, साधा मोडेम चालत नाही.
- व्हेरायझन फायोस: भिंतीवरच्या 'ओएनटी' डब्यातून इथरनेटची वायर येत असेल तर राउटर थेट जोडता येतो.
- एटी अँड टी फायबर: कंपनीचा गेटवे ठेवावाच लागतो. त्यात 'आयपी पासथ्रू' लावून मागे आपला राउटर जोडावा.

जोडणी
१. केबल मोडेम जुन्या राउटरची ओळख धरून बसतो. म्हणून राउटर बदलल्यावर मोडेम बंद करून पुन्हा सुरू करावा.
२. केबलचा गेटवे ठेवणार असाल तर त्यात 'ब्रिज मोड' लावावा. एकामागे एक दोन राउटर चालू राहिले की मुलांचे ऑनलाइन खेळ अडतात.
३. नव्या राउटरला वायफायचे जुनेच नाव आणि पासवर्ड द्यावा. मग आजी-आजोबांच्या टॅबलेटपासून टीव्हीपर्यंत बहुतेक सगळे आपोआप जोडले जाते.
४. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलावा.

भारतातून राउटर आणू नये. तिकडे २.४ गिगाहर्ट्झवर १३ चॅनेल आहेत, इथे साधारणपणे ११ पर्यंतच वापरतात. राउटर १२ किंवा १३ वर गेला की इथल्या अनेक लॅपटॉपना तो दिसतच नाही.

पावती जपा!
गेटवे परत करताना सिरियल नंबर असलेली पावती घ्यावी आणि पुढची दोन-तीन बिले तपासावीत. तरीही भाडे लागले तर आधी कंपनीला कळवावे. दाद लागली नाही तर एफसीसीकडे ऑनलाइन तक्रार करावी. ती मोफत असते आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.