पॅरिस पर्वत

पॅरिस पर्वत : वेल्सच्या वायव्येस असलेल्या अँगलसी बेटावरील धातू-सल्फाइडांचे प्राचीन निक्षेपस्थान. हे अ‍ॅमलुख या बंदरगावाच्या दक्षिणेस आहे. उंची जेमतेम १४७ मी. असल्याने नाव पर्वताचे असले तरी आहे ती टेकडीच. वेल्श भाषेत तिला ‘मनिध पॅरिस’ म्हणतात. फ्रान्सच्या राजधानीशी या नावाचा संबंध नाही. अठराव्या शतकातील तांब्याची प्रचंड खाण म्हणून ती इतिहासात प्रसिद्ध असली, तरी भूविज्ञानात तिचे मोल अधिक आहे. समुद्रतळावरील ज्वालामुखीच्या कुशीत तांबे, जस्त आणि शिसे कसे साचतात, ते येथे कोरड्या जमिनीवर उभे राहून पाहता येते.

निर्मिती : येथील रायोलाइट खडक सुमारे ४३.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे सिल्युरियन कालखंडाच्या आरंभीचे आहेत. त्या वेळी हा भाग समुद्राखाली होता आणि तळातून सिलिकायुक्त लाव्हा व राख बाहेर पडत होती. अशा ठिकाणी भेगांतून मुरलेले समुद्राचे पाणी खाली शिलारसाच्या उष्णतेने ३५० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तापताना ते आम्लधर्मी होते, त्यातील ऑक्सिजन संपतो आणि मिठातील क्लोराइडाच्या साहाय्याने ते खडकातले धातू विरघळवून घेते. हलके झालेले हे पाणी वर उसळते. समुद्राच्या थंड पाण्याशी गाठ पडताच त्याची धातू धरून ठेवण्याची शक्ती जाते आणि धातू गंधकाशी संयोग पावून काळ्या भुकटीच्या रूपाने खाली बसतात. ही क्रिया प्रत्यक्ष चालू असलेली १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या तळाशी, ‘अ‍ॅल्विन’ पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांनी पाहिली. तोवर जुन्या खडकांवरून बांधलेले अनुमान त्या दिवशी डोळ्यांसमोर धुरासारखे उसळत होते.

समुद्र किती खोल आहे यावर पुढचे बरेच काही ठरते. सुमारे १,६०० मी. खोलीवर पाण्याचा दाब इतका असतो की ३५० अंशांचे द्रावणही उकळत नाही. खोली ५०० मी. असेल तर ते २६५ अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणून उथळ समुद्रात उष्ण द्रावण तळापर्यंत पोचण्याआधीच, खडकाच्या भेगांत उकळते. तांब्याचा मोठा भाग तेथेच शिरांच्या जाळ्यात अडकतो. तळावर येते ते त्या मानाने थंड द्रावण. त्यातून जस्त, शिसे, चांदी, बॅराइट आणि सिलिका साचतात. उथळ निक्षेपाला लाटांचा आणि ऑक्सिजनयुक्त पाण्याचा धोका अधिक. राखेने किंवा चिखलाने तो लवकर झाकला गेला तरच टिकतो.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट जमिनीवर पसरला, त्याच्या डोक्यावर समुद्र नव्हता. त्यामुळे लाव्हा अफाट असूनही दख्खनच्या पठारात असे निक्षेप झाले नाहीत. नुसती आग पुरत नाही, खारे पाणी मुरावे लागते.

धातुके : पायराइट, चाल्कोपायराइट, स्फॅलेराइट आणि गॅलिना ही येथील मुख्य खनिजे. जपानमधील ‘कुरोको’ म्हणजे काळ्या धातुकांच्या वर्गात हा निक्षेप धरतात. जस्त, शिसे व तांबे यांची खनिजे अतिशय बारीक कणांत एकजीव झालेल्या धातुकाला खाणकामगार ‘ब्लूस्टोन’ म्हणत. ते वेगळे करणे फार जिकिरीचे असे. पुढे भूखंडांच्या टकरीत हे सारे थर दुमडले आणि कलले. शिशाचे सल्फेट असलेले ‘अँगलसाइट’ हे खनिज १७८३ मध्ये विल्यम विदरिंग यांनी येथूनच ओळखले. १८३२ मध्ये त्याला बेटाचे नाव मिळाले.

खाणकाम : कांस्ययुगात, सुमारे ३,५०० ते ४,००० वर्षांपूर्वी, माणसे येथे दगडी हातोड्यांनी तांबे काढत. २ मार्च १७६८ रोजी मोठा साठा लागला आणि पुढच्या वीस वर्षांत ही जगातील सर्वांत मोठ्या तांबेखाणींपैकी एक झाली. टॉमस विल्यम्स या वकिलाने तिच्या जोरावर ब्रिटनचा तांब्याचा बाजार ताब्यात घेतला. नौदलाच्या जहाजांच्या तळाला येथल्या तांब्याचे पत्रे बसले. धातुक फोडून निवडण्याचे काम बायका करीत. हातात जाड हातमोजे, लोखंडी ठोकळा आणि हातोडी घेऊन राबणाऱ्या या ‘कॉपर लेडीज’चा उल्लेख विल्यम्सच्या नावाइतक्याच ठळकपणे व्हायला हवा.

जे समुद्राच्या पाण्याने साठवले ते पावसाचे पाणी आता सोडवीत आहे. उघड्या पडलेल्या पायराइटला हवा व पाणी लागताच गंधकाम्ल तयार होते आणि तांबे मोरचुदाच्या रूपात विरघळते. खाणवाल्यांनी हेच पाणी हौदांत साठवून त्यात मोडके लोखंड टाकले. लोखंड विरघळे आणि तांबे गाळ होऊन खाली बसे. उरलेल्या पाण्यातून रंगासाठी गेरू मिळे. हा उद्योग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला.

२००३ मध्ये, खाणीच्या बोगद्यातील जुना बांध फुटून अ‍ॅमलुख गाव बुडण्याच्या भीतीने, आत साचलेले आम्लधर्मी पाणी उपसून काढण्यात आले. निचरा आता आवॉन गोख, म्हणजे ‘तांबडी नदी’, या ओढ्यातून अ‍ॅमलुखच्या बाजूने आयरिश समुद्रात जातो. या पाण्यात लोहावर जगणारे ‘फेरोव्हम मिक्सोफेसियन्स’ हे जिवाणू बुळबुळीत पट्ट्यांच्या रूपात वाढतात. बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये त्यांचे वर्णन केले. या जिवाणूंनी ऑक्सिडीकरण केलेले लोह गेरू होऊन ओढ्याच्या तळावर थरांनी बसत आहे.