ब्रेकची घरगुती दुरुस्ती : यंत्रेतिहासाचे एक उपेक्षित प्रकरण

महाराष्ट्रातील मोटारधंद्याचा इतिहास बहुधा कारखान्यांचाच इतिहास म्हणून लिहिला जातो. जळोची-बारामतीच्या शेजारी, इंदापूर तालुक्यात, ज्यांच्या नावाचे वालचंदनगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, ही नोंद सर्वत्र आढळते. ती यथार्थ आहे, परंतु अपुरी आहे. यंत्र घडते एकदाच. दुरुस्त मात्र अनेकदा होते.

१९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणारे परदेशी कारखाने येथून गेले. परिणामी फियाट ११०० व तिच्यापासून आलेली पद्मिनी यांसारखे मोजकेच नमुने दशकानुदशके रस्त्यावर राहिले. त्यांचे ब्रेक ड्रमचे होते. चकतीच्या ब्रेकचे पेटंट लँचेस्टरने १९०२ मध्येच घेतले होते; तथापि सामान्य माणसाच्या अंगणात कॅलिपर आला तो पुढे मारुती ८०० सारख्या गाड्यांबरोबर.

कॅलिपरचे मर्म त्यातील दट्ट्याभोवतीच्या रबरी कड्यात आहे. हे कडे तेल अडविते आणि पाय उचलताच स्वतःच्या लवचिकतेने दट्ट्या किंचित मागे ओढते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे गंज चढून दट्ट्या अडकतो व चाक जखडते. घरी दुरुस्ती करणारा दट्ट्या बाहेर काढतो, खाच साफ करतो, नवे कडे बसवितो आणि शेवटी नळीतील हवा काढतो. धुण्यासाठी पेट्रोल किंवा इंजिनचे तेल वापरल्यास रबर फुगते. दट्ट्याला खड्डे पडले असल्यास तो टाकूनच द्यावा लागतो. येथील चूक केवळ यंत्राला नव्हे, जिवालाही भोवते.

या कामाची भाषाही एक ऐतिहासिक पुरावाच होय. ‘कॅलिपर’, ‘सिलिंडर’, ‘किट’ ही नामे सुट्या भागांबरोबर आली; ‘हवा काढणे’, ‘ब्रेक लागणे’, ‘चाक धरणे’ ही क्रियापदे मात्र मराठीच राहिली. वस्तू बाहेरची, कृती आपली, अशी ही विभागणी आहे.

तथापि घरगुती दुरुस्ती म्हणजे संपूर्ण स्वावलंबन, असा निष्कर्ष काढणे युक्त ठरणार नाही. हात कितीही कुशल असला तरी ते लहानसे रबरी कडे कारखान्यातूनच यावे लागते. कारखाना आणि अंगण यांचा हा परस्परसंबंध लक्षात घेतल्यावाचून मोटारधंद्याचा इतिहास पूर्ण होणार नाही.